कुंडीतला लव्हाळा

मृगाचे दोन-चार पाऊस चांगले झाले की गडचांदूरच्या आजूबाजूला नाल्यांच्या काठी आणि रस्त्याकडेच्या खोलगट जागी लव्हाळा उभा राहतो. गवत समजून आपण पुढे निघून जातो. एकदा त्याची काडी तोडून दोन बोटांत फिरवून पाहा. गवताची काडी गोल असते, तिला पेरं असतात. लव्हाळ्याच्या काडीला बहुधा तीन कडा लागतात, पेर सापडत नाही आणि आत पांढरा, भुसभुशीत गर असतो. ती पाण्यात धरून दाबली तर बुडबुडे येतात. गरातल्या याच पोकळ्यांतून चिखलातल्या मुळांना हवा मिळते. म्हणून ज्या साचल्या पाण्यात मोगऱ्याची मुळं कुजतात, तिथे लव्हाळा तरारून वाढतो.

रोपवाटिकेत ‘अंब्रेला पाम’ म्हणून मिळणारं झाडही लव्हाळ्याच्याच कुळातलं, पण ते आफ्रिका-मादागास्करकडचं. तितकंच देखणं झाड आपल्या तळ्यांच्या काठी आहे. शास्त्रीय नाव सायपेरस एक्झाल्टेटस. लोक त्यालाही लव्हाळाच म्हणतात. ते चार-पाच फूट उंच होतं, बेटासारखं एका जागी वाढतं आणि माथ्यावर सोनेरी-तपकिरी तुऱ्यांची छत्री उघडतं. परागीकरण वाऱ्यावर होत असल्यामुळे त्याला रंगीत पाकळ्यांची गरज पडत नाही. अंगणात लावायला हेच घ्यावं.

रोप आणताना मात्र डोळे उघडे ठेवा, कारण याच कुळात मोथाही आहे. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथ्याचा वास आपल्याला हवासा वाटतो, पण साधा मोथा वाफ्यात शिरला की निघत नाही. म्हणून उपटलेलं रोप बादलीत बुडवून मुळं स्वच्छ धुवा. दोऱ्यासारख्या मुळीवर ओवलेल्या काळपट गाठी दिसल्या आणि त्या चुरगळल्यावर उग्र सुगंध आला, तर तो मोथा. खुरप्याने ही माळ तुटली की सुट्या झालेल्या गाठींना कोंब फुटतात आणि एका रोपाची अनेक होतात. असं रोप परत मातीत टाकू नका. गाठी उन्हात पूर्ण वाळवा.

रोप आणावं ते धानाच्या बांधीतून किंवा शेताच्या कडेचं, शेतकऱ्याला विचारून. तिथे निंदणात ते तसंही उपटलं जातं. तळ्याच्या काठचं अख्खं बेट उचलू नका. माशांची पिल्लं आणि पाणपक्षी त्याच्या आडोशाला राहतात. तीन-चार काड्या आणि एक कोवळा कोंब असलेला तुकडा पुरे. पानं वीतभर ठेवून वरून छाटा, म्हणजे नवी मुळं धरेपर्यंत रोपाचं पाणी उडून जात नाही.

दीड फूट रुंदीची, तळाला छिद्र नसलेली कुंडी किंवा जुनी टाकी घ्या. आपल्याकडची काळी माती इथे कामाची, कारण ती पाणी धरून ठेवते. दोन घमेली मातीला एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण चिखलात सडतं, वास मारतं आणि मुळं जाळतं. रोप लावून वर दोन इंच जाड वाळू पसरा. पाणी वाळूच्या आतच राहील इतकंच घाला. मुळं ओली राहतात आणि डासाला अंडी घालायला उघडं पाणी उरत नाही. पावसाळ्यात वाळूवर पाणी साचलं तर ते ओतून टाका. डासांसाठी आठवड्यातून एकदा घरातली पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी करता, त्या दिवशी हीही कुंडी तपासा.

ऊन भरपूर हवं. सावलीत काड्या लांबतात आणि कलंडतात. हा परिसर चुनखडीचा, म्हणून बोअरच्या पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. पावसाळ्यात पन्हळीचं पाणी वरून सोडून कुंडी एक-दोनदा भरून वाहू द्या, साचलेला क्षार काही प्रमाणात निघून जातो. पानांवर रस्त्याची धूळ बसली तर संध्याकाळी पाण्याने धुवा. पोळ्याच्या सुमारास मूठभर शेणखत कापडाच्या पुरचुंडीत बांधून चिखलात खोल खोचा.

पावसाळा सरताना तुरे पिकतात. बी अंगणभर नको असेल तर ते झडण्याआधीच कापा. माघ-फाल्गुनात वाळलेल्या काड्या जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटा. भीती वाटते, पण झाडाचा जीव बुडाशी असतो. वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की कुंडी दुपारच्या उन्हातून आडोशाला सरकवा आणि ओल तुटू देऊ नका; भाजी-तांदूळ धुतलेलं पाणीही चालतं, साबणाचं नको.

दोन-तीन वर्षांत बेट कुंडीच्या कडांना भिडतं आणि मधला भाग विरळ होतो. मग जूनमध्ये ते बाहेर काढून सुरीने तुकडे करा. मधला जुना भाग कंपोस्टमध्ये टाका, कडेचे कोवळे तुकडे पुन्हा लावा आणि एखादा शेजाऱ्याला द्या. देताना तुकड्याची मुळं धुऊन दाखवा. मोथा आणि लव्हाळा यांतला फरक एकदा हाताला कळला, की पुढच्या पावसात नाल्याकाठी उभं असलेलं ते झाड शेजाऱ्यालाही नुसतं गवत दिसणार नाही.