शरीराचे संरक्षक संदेश व क्लॅमिडियाचा छुपा संसर्ग

अपत्यप्राप्तीसाठी उपचार घेणाऱ्या दांपत्याच्या तपासणीत बीजवाहिन्या बंद असल्याचे आढळते, तेव्हा ‘कधी काही त्रास झाला नाही, मग हे घडले कसे?’ असा प्रश्न नातेवाईक विचारतात. आपल्या देशात क्षयरोग हे याचे एक महत्त्वाचे कारण आहे. लैंगिक संबंधांतून पसरणारा क्लॅमिडिया हा जिवाणू-संसर्ग हे दुसरे कारण होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात १५ ते ४९ वयोगटात त्याची सुमारे १२ कोटी ८५ लाख नवी प्रकरणे घडली. बहुसंख्य स्त्रियांत कोणतेही लक्षण दिसत नाही.

क्लॅमिडियाचे जंतू पेशीच्या आत शिरून वाढतात. त्यांची चाहूल लागताच पेशी ‘सायटोकाइन’ नावाची संदेशवाहक प्रथिने सोडतात. त्यांपैकी इंटरफेरॉन-गॅमा हे प्रमुख. त्याच्या आदेशाने पेशी आपल्याजवळील ट्रिप्टोफॅन हे पोषकद्रव्य नष्ट करते. म्हणजेच शत्रूची रसद तोडते. उपासमार झालेला जंतू मरतो, अथवा वाढ थांबवून दबा धरून बसतो, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसून आले आहे. याच जंतूचे काही प्रकार डोळ्यांत खुपऱ्यांचा रोग निर्माण करतात. त्यांना ट्रिप्टोफॅन तयार करता येत नाही. जननमार्गातील प्रकार मात्र तेथील इतर जिवाणूंनी सोडलेल्या इंडोल या द्रव्यापासून ते पुन्हा घडवू शकतात.

लढा लांबला की संरक्षणाचीच किंमत मोजावी लागते. इंटरल्युकिन-१ हा संदेश दाह वाढवितो. बीजवाहिनीच्या आतील केसांसारखे सूक्ष्म तंतू बीजाला गर्भाशयाकडे नेतात. मानवी बीजवाहिनीच्या ऊतींवरील प्रयोगांत या संदेशास अटकाव केला असता तंतूंची हानी टळली. दाह दीर्घकाळ राहिल्यास व्रण उरतात, मार्ग अरुंद वा बंद होतो आणि वंध्यत्व किंवा गर्भाशयाबाहेर गर्भधारणा होण्याचा धोका संभवतो.

हा संसर्ग प्रतिजैविकांनी बरा होतो. सर्वसाधारणपणे डॉक्सिसायक्लिन सात दिवस दिले जाते. गर्भवतींना ॲझिथ्रोमायसिन देतात. परंतु औषध जंतू नाहीसे करते, पडलेले व्रण नव्हे. म्हणूनच वेळेवर तपासणीस महत्त्व आहे. एकदा बरे झाल्यावरही संसर्ग पुन्हा होऊ शकतो. त्यामुळे जोडीदारावर एकाच वेळी उपचार आवश्यक ठरतात.

कुटुंबीयांना नम्र विनंती की, दोष केवळ स्त्रीच्या माथी मारू नये. संसर्ग पुरुषालाही होतो व त्याच्यातही बहुधा मूकच राहतो. संसर्ग नेमका केव्हा व कोणाकडून झाला, हे या तपासणीवरून ठरविता येत नाही. दोघांनी मिळून, संकोच न बाळगता तपासणी करून घ्यावी.

विश्वस्त व देणगीदार यांनाही एक निवेदन. शस्त्रक्रियागृहासाठी दिलेली देणगी डोळ्यांना दिसते. वेळीच झालेल्या तपासणीमुळे टळलेली शस्त्रक्रिया कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. तरीही तिचे मोल कमी नाही, याची जाणीव आपण ठेवाल, असा विश्वास वाटतो.

– प्रशासक