कॉफी मागण्याचे इंग्रजी

भारतात कॉफीगृहांची पहिली मोठी साखळी उभी राहिली ती कॉफीपानाच्या प्रचारासाठी. १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे तिचे पहिले गृह उघडले. पुढे कॉफी मंडळाने ही गृहे बंद करण्यास प्रारंभ केला, तेव्हा तेथील कामगारांनी सहकारी संस्था स्थापन केल्या. त्यांपैकी पहिली १९५७ मध्ये बंगळूर येथे निघाली. या ‘इंडियन कॉफी हाउस’मध्ये ग्राहक टेबलाशी बसतो, तुरेदार फेटा बांधलेला वेटर जवळ येतो आणि मागणी त्या त्या प्रांताच्या भाषेत सांगता येते. अलीकडच्या कॉफीगृहांपैकी अनेकांत मात्र ग्राहकालाच काउंटरपाशी उभे राहावे लागते. समोरचा तरुण इंग्रजीत प्रश्न विचारतो आणि पाठीमागे रांग खोळंबलेली असते. मातृभाषेतून शिकलेला मनुष्य अशा वेळी संकोचतो. पुष्कळदा तो स्वतःला हवे ते न मागता पुढच्याने जे मागितले तेच मागून मोकळा होतो. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी गेलेल्यावर तर हा प्रसंग वारंवार येतो. वस्तुतः ही अडचण फारशी मोठी नाही. ती नेमकी कशात आहे, हे समजून घेतले म्हणजे झाले.

पहिली अडचण सौजन्याची. भारतीय भाषांत आदर बहुधा क्रियापदाच्या रूपात सामावलेला असतो. मराठीत ‘दे’ आणि ‘द्या’, हिंदीत ‘दो’ आणि ‘दीजिए’, तमिळमध्ये ‘कोडु’ आणि ‘कोडुंगळ’ असा भेद आहे. ‘एक कॉफी द्या’ या वाक्यात उद्धटपणाचा लेशही नाही. पण त्याचे शब्दशः ‘गिव्ह मी वन कॉफी’ असे भाषांतर केले, की ‘द्या’मधला आदर वाटेतच गळून पडतो, कारण इंग्रजी ‘गिव्ह’ला असे आदरार्थी रूप नाही. ‘मला कॉफी हवी’ हेही मराठीत सौम्य वाटते. ‘आय वाँट अ कॉफी’ मात्र इंग्रजी कानाला हट्टी मुलाच्या मागणीसारखे लागते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असूनही ऐकणाऱ्याचा गैरसमज होतो, आणि तो झाल्याचे बोलणाऱ्याला कळतही नाही.

इंग्रजीत हा आदर वाक्याच्या घडणीत ठेवावा लागतो. ‘कुड आय हॅव अ कॉफी, प्लीज?’ किंवा ‘आय वुड लाइक अ कॉफी, प्लीज’ ही दोन वाक्ये नवशिक्याला पुरेशी आहेत. ‘कुड’ हे मुळात ‘कॅन’चे आणि ‘वुड’ हे ‘विल’चे भूतकाळी रूप होय. भूतकाळामुळे मागणीची धार बोथट होते. ही युक्ती मराठी माणसाला अपरिचित नाही. ‘मला एक कॉफी हवी होती’ असे तो म्हणतो, तेव्हा कॉफी त्याला आत्ताच हवी असते. ‘होती’ येते ते केवळ नम्रतेसाठी. ‘प्लीज’ची गोष्ट थोडी वेगळी आहे. आपल्याकडे ‘कृपया’ हा शब्द सूचनाफलकांवर शोभतो, बोलण्यात क्वचितच येतो. इंग्रजीत मात्र ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’ हे नित्याचे शब्द असून ते गाळले तर उणीव जाणवते.

दुसरी अडचण पेयांच्या नावांची. ‘एस्प्रेसो’, ‘कापुचिनो’, ‘लाटे’ हे शब्द इंग्रजी नव्हेत. ते इटालियन आहेत. ‘लाटे’चा अर्थ नुसते दूध. ‘कापुचिनो’ हे नाव कापुचिन पंथाच्या साधूंच्या तपकिरी झग्यावरून आले. स्टारबक्समध्ये मोठ्या पेल्याला ‘व्हेंटी’ म्हणतात, म्हणजे इटालियनमध्ये वीस. गरम पेयाच्या त्या पेल्यात वीस औंस मावतात. तेव्हा हे उच्चार अडखळले तर शरमेचे कारण नाही. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्यालाही ते कधीतरी शिकावेच लागले आहेत.

ओळखीचे शब्दच कधीकधी अधिक फसवतात. दक्षिण भारतात ‘फिल्टर कॉफी’ म्हणजे डिकॉक्शनमध्ये गरम दूध घालून केलेली कॉफी; पाश्चात्त्य देशांत त्याच नावाने गाळलेली, बहुधा बिनदुधाची कॉफी मिळते. आपली ‘कोल्ड कॉफी’ दूध व साखर घालून घुसळलेली असते, तर तेथील ‘आइस्ड कॉफी’ पुष्कळदा केवळ बर्फ घातलेली कोरी कॉफी असते. दूध हवे असल्यास ‘विथ मिल्क, प्लीज’ असे स्पष्ट सांगणे इष्ट.

तिसरी अडचण उलट प्रश्नांची. सुदैवाने हे प्रश्न मोजकेच असतात. ‘व्हॉट साइझ?’ असे विचारल्यास ‘स्मॉल’, ‘मीडियम’ किंवा ‘लार्ज’ एवढे उत्तर पुरते. ‘एनिथिंग एल्स?’ या प्रश्नाला ‘नो, दॅट्स ऑल, थँक यू’ असे म्हणावे. पेय तेथेच बसून घ्यायचे की बरोबर न्यायचे, हे अमेरिकेत ‘फॉर हिअर ऑर टू गो?’ असे आणि ब्रिटनमध्ये ‘ईट इन ऑर टेक अवे?’ असे विचारतात. काही ठिकाणी नावही विचारले जाते. ते पेल्यावर लिहून पेय तयार होताच हाक मारण्यासाठी असते, चौकशीसाठी नव्हे.

आणि प्रश्न मुळीच कळला नाही तर? अंदाजाने ‘येस’ म्हणणे हा सर्वांत वाईट मार्ग. त्याने नको असलेली वस्तू पदरात पडते आणि तिचे पैसेही द्यावे लागतात. ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’ हे वाक्य नवशिक्याने सर्वांआधी पाठ करावे. ते म्हणताना मागच्या रांगेची धास्ती बाळगू नये. ते विचारण्यास लागणारा वेळ, चुकीचे पेय परत करण्यास लागणाऱ्या वेळापेक्षा नेहमीच कमी असतो.