निर्णय जागेवर, जाब कधी?

विजेच्या जाळ्यात निर्णय कोण घेतं आणि त्याचा जाब कधी विचारायचा, हा आज आपला विषय.

समजा, पारेषण वाहिनीवर झाड कोसळलं. उपकेंद्रातल्या यंत्रणेने दोष ओळखून ब्रेकर ट्रिप करायचा असतो. आयईसी ६१८५० या मानकात अशा सर्वांत तातडीच्या संदेशाला सुमारे ३ मिलिसेकंदांची मुदत आहे. आता हिशेब करू. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. संगणक हजार किलोमीटरवर असेल, तर नुसत्या जाण्यायेण्यातच १० मिलिसेकंद गेले! म्हणून विचार करणारा संगणक जागेवरच हवा. यालाच एज कॉम्प्युटिंग म्हणतात.

आजवर तिथे वेगवेगळे रिले असत, उत्पादकाने बंद करून दिलेल्या पेट्या. २०१८ साली लिनक्स फाउंडेशनने एलएफ एनर्जी हा उपक्रम सुरू केला. त्यातल्या ‘सीपाथ’ प्रकल्पात फ्रान्सची पारेषण कंपनी आरटीई, नेदरलँड्सची अलियांडर आदी मंडळी आहेत. उपकेंद्रातल्या सर्व्हरवर लिनक्स चालतं आणि त्यावर अनेक पेट्यांची कामं आभासी यंत्रं करतात. या पायाभूत सॉफ्टवेअरचा कोड कुणीही वाचावा, बदलावा.

यात तत्त्वज्ञानाचं काय? आपल्या न्यायदर्शनात शब्द हेही प्रमाण मानलं आहे. विश्वासार्ह माणसाचं वचन, म्हणजे आप्तवचन. बंद पेटीबाबत आपल्या हाती मुख्यतः उत्पादकाचं आप्तवचन असतं. बाहेरून चाचणी घेता येते, पण आतला नियम दिसत नाही. आणि ३ मिलिसेकंदांत ‘का?’ असं विचारायला माणसाला सवडच नाही. म्हणजे तो प्रश्न आधी विचारायला हवा, नाहीतर अंधार झाल्यावर. दोन्ही वेळा कोड समोर असेल, तरच परीक्षा खरी.

कुणी म्हणेल, खुलं केलं की चोराचं फावेल. पण कुलपाची रचना माहीत असली तरी किल्ली लागतेच. सुरक्षा किल्लीत असावी, रचना झाकण्यात नव्हे.

खरी मेख वेगळीच आहे. सीपाथचा पाया खुला असला, तरी त्यावर चालणारा संरक्षणाचा प्रोग्राम उत्पादकाचा, बंद असू शकतो. म्हणजे घराचा पाया तपासता आला, पण देवघराला कुलूपच! शिवाय खुला कोड आपोआप तपासला जात नाही. वाचणारी माणसं नेमावी लागतात, त्यांना पगार द्यावा लागतो.

तेव्हा ‘आमची यंत्रणा ओपन सोर्स आहे’ असं कुणी म्हटलं, की आपण दोन प्रश्न विचारू: नेमका कोणता भाग खुला आहे? आणि तो वाचतंय कोण?