संगणकातील नोंदवही स्वतःच्या कार्यालयात : कंटेनर पद्धतीची ओळख

शासकीय कारभारात नोंदवहीला असाधारण महत्त्व आहे. अर्ज केव्हा आला, तो कोणाच्या मेजावर गेला, त्यावर कोणता निर्णय झाला आणि तो अर्जदारास केव्हा कळविण्यात आला, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या कार्यालयाच्या नोंदवहीत तत्काळ सापडतात, त्या कार्यालयाविषयी जनतेच्या मनात विश्वास निर्माण होतो. नोंदवही कागदाची असो वा संगणकातील, ती कोणाच्या ताब्यात आहे आणि तिची राखण कोण करतो, हे दोन प्रश्न मात्र सुटत नाहीत.

संगणकातील नोंदवही ठेवण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग भाड्याचा. एखाद्या कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर नोंदी ठेवावयाच्या आणि दरमहा, पुष्कळदा दर वापरकर्त्यामागे, शुल्क भरावयाचे. हा मार्ग सोपा आहे. परंतु शुल्काचे दर, साठवणीची जागा आणि सेवेच्या अटी ठरविण्याचा अधिकार बव्हंशी कंपनीकडे राहतो. दुसरा मार्ग स्वगृही व्यवस्थेचा. यात आज्ञावली आणि नोंदी ही दोन्ही आपल्या कार्यालयातील किंवा शासनाच्या माहिती केंद्रातील संगणकावर ठेवली जातात. हा मार्ग पूर्वी फक्त मोठ्या संस्थांना परवडत असे. कंटेनर पद्धतीमुळे तो लहान कार्यालयांच्याही आवाक्यात आला आहे. मात्र त्याबरोबर येणारी जबाबदारीही नीट समजून घेणे आवश्यक आहे.

शाळेच्या छपराचे उदाहरण

समजा, सत्तरी किंवा काणकोण यांसारख्या डोंगराळ तालुक्यातील शिक्षण कार्यालयास सरकारी प्राथमिक शाळांच्या दुरुस्तीची नोंद ठेवावयाची आहे. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी शाळेचे छप्पर शाकारले गेले पाहिजे, हे प्रत्येक मुख्याध्यापक जाणतो. तो वेळेवर पत्र लिहितो. पत्राची आवक नोंद होते, ते पाहणीसाठी अभियंत्याकडे जाते, तेथून अंदाजपत्रकासाठी पुढे सरकते. ते नेमके कोठे थांबले आहे याचा शोध लागेपर्यंत पाऊस येऊन ठेपतो आणि पहिलीची मुले गळक्या वर्गाच्या कोरड्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसतात.

या कामासाठी फार मोठ्या यंत्रणेची गरज नाही. मुख्याध्यापकांना भरण्यासाठी अर्जाचा नमुना, कनिष्ठ अभियंत्यास पाहणीचा अभिप्राय नोंदविण्याची जागा आणि कार्यालयास प्रलंबित कामे तारखेनुसार दाखविणारा तक्ता, एवढी तीन पृष्ठे पुरेशी आहेत. चौकशीस आलेल्या ग्रामस्थासही त्या तक्त्यावरून क्षणात उत्तर देता येईल.

रचनासाधन म्हणजे काय?

अशी तीन पृष्ठे मुळापासून तयार करावयाची तर प्रोग्रामरचे काही आठवड्यांचे काम होते. वेब ॲप्लिकेशन बिल्डर या नावाने ओळखली जाणारी रचनासाधने हे काम हलके करतात. त्यांत तक्ता, अर्ज, बटण, तारखेचा रकाना असे घटक तयार असतात. ते माउसने ओढून पृष्ठावर मांडावयाचे आणि नोंदी जेथे साठतात त्या माहितीसंचाशी, म्हणजे डेटाबेसशी, जोडावयाचे, एवढेच करावे लागते. माहिती मागविण्यासाठी एसक्यूएल भाषेतील प्रश्न आणि थोडी जावास्क्रिप्ट यांचे ज्ञान लागते. परंतु संगणकाची आवड असलेला शिक्षक किंवा लिपिक प्रयत्नाने ते आत्मसात करू शकतो.

ॲपस्मिथ, टूलजेट आणि बडीबेस ही या प्रकारची परिचित साधने आहेत. यांपैकी ॲपस्मिथ हे भारतीय उद्योजकांनी २०१९ साली सुरू केलेले साधन आहे. त्याची सामुदायिक आवृत्ती अपाची २.० या मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून ती विनामूल्य वापरता येते. तिची मूळ आज्ञावली कोणासही वाचता येते व गरजेनुसार बदलता येते. शासकीय कामात मुक्त आज्ञावलींचा अंगीकार व्हावा, असे धोरण भारत सरकारनेही २०१५ साली जाहीर केले आहे.

बंदरावरील पेटी आणि संगणकातील पेटी

कंटेनर हा शब्द बंदरावरून आला आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन या अमेरिकन वाहतूक व्यावसायिकाचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले आणि मालवाहतुकीत नवे युग सुरू झाले. तोवर पोती, पिंपे आणि खोकी एकेक करून चढवावी व उतरवावी लागत. ठरावीक मापाच्या पेटीमुळे आत काय आहे याची चौकशी न करता यारीने ती जहाजावरून मालमोटारीवर आणि मालमोटारीवरून रेल्वेवर ठेवता येऊ लागली.

संगणकातही हीच अडचण होती. एक आज्ञावली चालण्यासाठी इतर दहा आज्ञावली लागतात आणि त्या प्रत्येकीची आवृत्ती जुळावी लागते. एका संगणकावर सुरळीत चालणारी गोष्ट दुसऱ्यावर अडून बसते. एका संगणकात विभक्त कप्पे पाडण्याची कल्पना जुनी आहे. युनिक्स प्रणालीत १९७९ साली तिचा प्रारंभ झाला. कोणत्या कामास किती स्मृती आणि किती प्रक्रियाशक्ती द्यावयाची याचे नियंत्रण करणारी सोय २००८ साली लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. या सर्व सोयी सोप्या रीतीने वापरता येतील असे ‘डॉकर’ नावाचे साधन सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथील पायथॉन परिषदेत प्रथम जाहीररीत्या दाखविले. तेव्हापासून ही पद्धत झपाट्याने सर्वत्र पसरली.

या पद्धतीत तीन शब्द लक्षात ठेवावे लागतात. ‘इमेज’ म्हणजे आज्ञावली आणि तिला लागणारी सर्व सामग्री यांचा बांधून ठेवलेला, न बदलणारा संच. ‘कंटेनर’ म्हणजे त्या संचावरून प्रत्यक्ष चालू केलेली पेटी. आणि ‘व्हॉल्यूम’ म्हणजे पेटीच्या बाहेर, मूळ संगणकाच्या डिस्कवर राखून ठेवलेली कायम साठवणीची जागा. सर्व पेट्या लिनक्सचा एकच गाभा वापरतात. त्यामुळे प्रत्येक कामासाठी संपूर्ण स्वतंत्र प्रणाली चालविण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा येथे स्मृती बरीच कमी लागते.

उभारणी कशी होते?

ॲपस्मिथच्या इमेजमध्ये पृष्ठे पुरविणारा वेब सर्व्हर, आराखडे साठविणारा मोंगोडीबी हा माहितीसंच आणि तात्पुरत्या नोंदींसाठी लागणारा रेडिस हे सर्व एकत्र बांधलेले असते. दोन प्रोसेसर आणि चार गिगाबाइट स्मृती असलेला लिनक्स संगणक प्रारंभासाठी पुरतो. त्यावर डॉकर बसविल्यानंतर ‘कंपोज’ नावाची थोडक्या ओळींची एक मजकूर-फाइल लिहावी लागते. कोणती इमेज घ्यावयाची, बाहेरून येण्यासाठी कोणती दारे उघडावयाची, साठवणीची फाइलघडी कोणती आणि संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यास काय करावयाचे, हे सर्व त्या फाइलमध्ये असते. मग एका आज्ञेने इमेज उतरवून घेतली जाते आणि काही मिनिटांत साधन ब्राउझरमध्ये दिसू लागते.

ही फाइल लिहिताना दोन गोष्टी विसरू नयेत. एक म्हणजे ‘नवीनतम आवृत्ती’ असे मोघम न लिहिता इमेजचा नेमका आवृत्ती क्रमांक लिहावा. तसे न केल्यास नकळत नवी आवृत्ती येऊन चालू काम बिघडू शकते. दुसरी म्हणजे वीज परत आल्यावर कंटेनर आपोआप सुरू होईल, असा आदेश त्यात द्यावा. पावसाळ्यात वीज वारंवार जाते अशा गावांत ही एक ओळ फार उपयोगाची ठरते. अर्थात वीज अचानक गेल्याने लिहिणे चालू असलेली नोंद बिघडू नये म्हणून यूपीएसही हवाच.

काय टाकावे आणि काय राखावे?

या पद्धतीचे मर्म येथे आहे. कंटेनर ही टाकून देण्याची वस्तू आहे. नवी आवृत्ती आली की जुनी पेटी काढून टाकावयाची आणि नव्या इमेजवरून दुसरी सुरू करावयाची, हीच तिची रीत आहे. परंतु पेटीच्या आत जे लिहिले गेले असेल ते पेटीबरोबर नष्ट होते. व्हॉल्यूममध्ये लिहिलेले तेवढे मागे उरते. कारकुनाची बदली होते, दप्तराची होत नाही. तसाच हा प्रकार आहे. व्हॉल्यूम न जोडता कंटेनर सुरू केल्यास सारे काही उत्तम चाललेले दिसते, आणि पहिली पेटी बदलण्याच्या दिवशी महिन्यांचे काम नाहीसे होते.

आणखी एक भेद समजून घ्यावा. ॲपस्मिथच्या साठवणीत पृष्ठांचे आराखडे आणि वापरकर्त्यांची नावे असतात. शाळा-दुरुस्तीच्या प्रत्यक्ष नोंदी पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएल यांसारख्या वेगळ्या माहितीसंचात ठेवणे योग्य होय. तो संच दुसऱ्या कंटेनरमध्ये, स्वतःच्या वेगळ्या व्हॉल्यूमसह चालविता येतो. म्हणून राखीव प्रती दोन्हींच्या घ्याव्या लागतात. आराखडा वाचला आणि नोंदी गेल्या, तर हाती केवळ कोरा छापील नमुना उरेल.

दारे आणि चाव्या

नव्याने उभारलेल्या ॲपस्मिथवर जो सर्वप्रथम नाव नोंदवितो तो व्यवस्थापक ठरतो. म्हणून उभारणी होताच जबाबदार अधिकाऱ्याने स्वतः नाव नोंदवावे आणि अनोळखी व्यक्तींस नाव नोंदविण्याची सोय बंद करावी. ही केवळ औपचारिकता नाही. याच इमेजच्या जुन्या आवृत्त्यांतील एक गंभीर त्रुटी मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. नाव नोंदविण्याची सोय खुली असल्यास परक्या व्यक्तीस त्या त्रुटीच्या साहाय्याने कंटेनरमध्ये स्वतःच्या आज्ञा चालविता येत होत्या. नव्या आवृत्तीत दुरुस्ती झाली. परंतु ज्याने आवृत्ती बदलली त्यालाच तिचा लाभ झाला. शिवाय डॉकर बाहेरील दार उघडताना स्वतःचे नियम लावते. त्यामुळे उबुंटू संगणकावरील नेहमीच्या यूएफडब्ल्यू या संरक्षक भिंतीने बंद केलेले दारही प्रत्यक्षात उघडे राहू शकते. याची तपासणी बाहेरच्या संगणकावरून करून पाहावी.

माहितीसंचाचे सांकेतिक शब्द गुप्त रूपात ठेवण्यासाठी ॲपस्मिथ दोन किल्ल्या वापरते. त्या हरवल्यास राखीव प्रत परत आणूनही ते सांकेतिक शब्द उलगडत नाहीत. म्हणून किल्ल्या लिहून त्या राखीव प्रतीपासून वेगळ्या, कुलपात ठेवाव्यात. कोषागारातील दुहेरी कुलपाची पद्धत अधिकाऱ्यांना परिचित आहे. तिच्यामागील तत्त्व येथेही लागू पडते. सर्व भिस्त एकाच माणसावर असू नये, आणि तो रजेवर गेल्यास काम अडू नये.

न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे

जाणकारांच्या हातूनही चूक होते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रसिद्ध संगणक-कंपनीतील एका अभियंत्याने रात्री उशिरा दुरुस्तीचे काम करीत असताना चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा देऊन चालू माहितीसंच पुसून टाकला. राखीव प्रतीची एक नव्हे, अनेक साधने कंपनीकडे होती. परंतु रोजची प्रत घेणारी आज्ञावली आवृत्ती न जुळल्याने कित्येक दिवस अयशस्वी होत होती आणि त्याची सूचना देणारे संदेश कोणापर्यंत पोहोचतच नव्हते. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत सापडली. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या. कंपनीने ही हकीकत स्वतः होऊन जगापुढे मांडली, हे तिला भूषणावह आहे.

यावरून घ्यावयाचा धडा सरळ आहे. नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न साधनांवर असाव्यात आणि एक प्रत इमारतीबाहेर असावी. दर तीन महिन्यांनी एका वेगळ्या संगणकावर ती प्रत उतरवून नोंदवही खरोखर उघडते की नाही, हे पाहावे. कंटेनर पद्धतीत ही चाचणी सोपी आहे; कारण तीच फाइल, तीच इमेज आणि राखीव प्रत एवढ्यावर संपूर्ण व्यवस्था दुसरीकडे पुन्हा उभी राहते.

कोणी हा मार्ग घ्यावा?

ज्या कार्यालयात ही कामे नियमाने करणारी किमान दोन माणसे नाहीत, त्याने भाड्याचा मार्ग किंवा शासनाचे माहिती केंद्र यांचा आश्रय घेणे हिताचे आहे. ज्यांची तयारी आहे त्यांनी प्रारंभ शाळा-दुरुस्तीसारख्या, वैयक्तिक माहिती अल्प असलेल्या नोंदवहीपासून करावा. विद्यार्थ्यांची माहिती लगेच त्यात आणू नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याने १८ वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीस विशेष संरक्षण दिले आहे. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद दल, म्हणजे सर्ट-इन, याने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या संगणक-सुरक्षा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे. माहिती आपल्या छपराखाली आली की ही कर्तव्येही आपल्या छपराखाली येतात.

शेवटी एक सूचना. अधिकाऱ्याची बदली होताना कार्यभाराच्या यादीत कपाटे, शिक्के व दप्तर यांची नोंद होते. त्याच यादीत कंपोज फाइल कोठे आहे, किल्ल्या कोणाकडे आहेत आणि राखीव प्रतीची शेवटची चाचणी कोणत्या तारखेस झाली, या तीन ओळींची भर घालावी. दूरच्या वाड्यावरील मुख्याध्यापकाने मार्च महिन्यात केलेला अर्ज जून महिन्यातही जसाच्या तसा सापडला आणि त्या शाळेचे छप्पर पावसापूर्वी शाकारले गेले, तर या खटाटोपाचे सार्थक होईल.