आभाळाचा उजेड, तटाची सावली

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठी संध्याकाळी उभं राहिलं, की तांबूस आभाळ, पाण्यातलं मंदिर आणि शेजारच्या किल्ल्याचा काळवंडलेला तट हे सारं डोळ्यांना एकाच वेळी दिसतं. कॅमेऱ्याला ते जमत नाही. आभाळ धरलं तर तट काळाठिक्कर. तट धरला तर आभाळ पांढरंफटक. दोहोंत चार-पाच स्टॉपचं अंतर सहज पडतं. दर स्टॉपला उजेड दुप्पट, म्हणजे हा फरक १६ ते ३२ पटींचा.

ही अडचण जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या ओल्या कोलोडियनच्या काचा निळ्या उजेडाने चटकन भारत. हिरव्या-तांबड्याचा परिणाम नाममात्र. म्हणून त्या काळच्या किल्ल्या-देवळांच्या कितीतरी छायाचित्रांत आभाळ कोरं आहे. त्यावरून त्या दिवशी ढग नव्हते असं म्हणता येत नाही. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५७च्या सुमारास काही सागरचित्रांत आभाळाची एक आणि समुद्राची दुसरी काच क्षितिजरेषेवर जुळवून एकच चित्र छापलं.

आज तेच काम सॉफ्टवेअर करतं. मात्र सुरुवात कॅमेऱ्यातच होते. रॉ फाइल घ्यावी आणि एक्स्पोजर आभाळाला धरून ठेवावं. जो भाग पूर्ण पांढरा झाला, तिथली नोंदच उरत नाही; अंधारातला तपशील मात्र बराच वर काढता येतो. फार ओढला तर दाणे दिसू लागतात. नुसता ग्रेडियंट मास्क लावला तर आभाळाबरोबर शिखरही काळवंडतं. ते मास्कमधून वगळावं लागतं. कडा निष्काळजीपणे सोडली, तर शिखराभोवती खोटी प्रभावळ उमटते.

माझ्या एका जुन्या चित्रात मी तटाबरोबर तळ्याचं पाणीही उजळवलं होतं. पाहणाऱ्यांनी कौतुक केलं. पुढे कधीतरी लक्षात आलं, की पाण्यातलं आभाळ वरच्या आभाळाहून उजळ झालंय. प्रतिबिंब मूळ वस्तूहून उजळ नसतं. ती संध्याकाळ सिद्धेश्वर तलावावर कधी झालीच नव्हती.

तेव्हापासून तट मी थोडा काळाच ठेवतो, मूळ फाइल जपतो आणि काय बदललं ते शेजारी लिहून ठेवतो. उद्या कुणी हे चित्र पुरावा म्हणून उघडलं, तर त्याला माझी करामत आणि तळ्यावरची संध्याकाळ वेगवेगळी ओळखता यावी.