साठ अंशांचे पाणी

थंडीच्या दिवसांत जबलपुरात पहाटेचा पारा पुष्कळदा दहा अंशांखाली उतरतो. मग गोहलपूरसारख्या दाट वस्तीत कोठे बादलीत हीटरचा रॉड बुडतो, तर कोठे भिंतीवरचा गीझर सुरू होतो. १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होते, आणि मराठी बोलणारी कुटुंबे तेथे आजही आहेत. त्यांच्या न्हाणीघरांत ‘विसण’ हा शब्द अपरिचित नसावा. कढत पाणी अंगाला सोसेल असे करण्यासाठी त्यात जे थंड पाणी घालावयाचे, त्याला मराठीने हे स्वतंत्र नाव दिले आहे. आता मात्र तान्ह्या बाळाच्या आंघोळीचे पाणी किती ऊन असावे, हे घरातल्या आजीऐवजी हातातल्या फोनला विचारता येते.

फोनमधील कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात उत्तर देते आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. परंतु हे यंत्र पाण्यात हात घालून बोलत नाही. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल, हे ते शिकलेले असते. २०२४ च्या मे महिन्यात गूगलच्या अशाच सोयीने पिझ्झ्यावरील चीज घसरू नये म्हणून त्यात चिकटवण्याचा गोंद मिसळण्याचा सल्ला दिला होता. जग हसले, आणि हसण्यातच तो धोका संपला. ‘गरम पाणी साठ अंशांवर ठेवावे’ या वाक्याला मात्र कोणी हसणार नाही, कारण ते खोटे नाही. ते फक्त दुसऱ्या जागेचे आहे.

ती जागा म्हणजे पाणी साठविण्याची टाकी. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियासारख्या रोगाची साथ उद्भवली, आणि पुढच्या वर्षी लेजिओनेला हा जंतू शास्त्रज्ञांच्या हाती लागला. वीस ते पंचेचाळीस अंशांच्या पाण्यात तो वाढतो, साठ अंशांवर मरतो. म्हणून मोठ्या इमारतींत पाणी साठ अंशांवर साठवितात आणि नळाशी येण्यापूर्वी झडपेतून त्यात थंड पाणी मिसळतात. हेही विसणच! यंत्राने टाकीचा आकडा उचलला आणि विसण मागे राहिले, तर तोच आकडा थेट बाळाच्या अंगावर येतो.

साठ अंश म्हणजे नेमके काय? मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी १९४७ साली याचा प्रयोगपूर्वक शोध घेतला. चव्वेचाळीस अंशांच्या पाण्याने त्वचा खोलवर भाजण्यास सुमारे सहा तास लागतात, एकोणपन्नास अंशांना नऊ-दहा मिनिटे, आणि साठ अंशांना अवघे पाच सेकंद! हे हिशेब प्रौढांचे. लहान मुलांची त्वचा पातळ, ती याहून लवकर भाजते. म्हाताऱ्या माणसांना व मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना बोथट झाली आहे त्यांना तर चटका वेळेवर जाणवतही नाही. अमेरिकेत घरच्या गीझरसाठी सांगितला जाणारा एकशेवीसचा आकडा फॅरनहाइटमधील, म्हणजे आपले एकोणपन्नास अंश. बाळाला तेही फार. त्याच्या पाण्याला सदतीस-अडतीस अंश पुरे.

हीटरच्या साध्या रॉडला तर आकडाच नसतो. तो पाणी उकळेपर्यंत तापवीत राहतो. रॉडचे बटण बंद करून प्लग काढल्याखेरीज त्या बादलीत बोटही घालू नये, आणि पाणी तापत असताना मुलाला जवळ फिरकू देऊ नये. आपली जुनी रीत आधी कढत पाणी काढून मग विसण घालण्याची. मला वाटते, मूल घरात असेल तर हा क्रम उलटावा. आधी थंड, मग ऊन, नीट ढवळणे, आणि शेवटी कोपर बुडवून पाहणे, कारण राबलेल्या तळहाताला ऊन कमी जाणवते.

आणि इतके करूनही भाजलेच, तर त्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे थंड पाणी सोडावे. बर्फ लावू नये, टूथपेस्टही नको. तान्हे मूल असेल, तर त्यानंतर थेट दवाखाना गाठावा.