तुरुंगाच्या दारीं अतिथि

वाचकहो, आमचें उभें आयुष्य शाळेंत गेलें. तेव्हां तपासणी म्हणजे काय, हें आम्हांस कोणीं निराळें सांगावयास नको. तपासनीस साहेबांच्या आगमनाचें पत्र पंधरा दिवस अगोदर येई. मग भिंतींस चुना लागे, नकाशे झटकले जात, हजेरीपट पुरे होत आणि चुणचुणीत मुलें पुढल्या रांगेंत बसत. एका वर्षीं आम्हीं याहूनही वाईट गोष्ट केली. वर्गांत अडखळत वाचणारा एक मुलगा होता. आदल्या दिवशीं त्यास जवळ बोलावून, "उद्यां तूं घरींच राहा, बाळ," असें आम्हीं सांगितलें. साहेब आले, संतुष्ट झाले आणि चांगला शेरा लिहून गेले. त्या दिवशीं कोण गैरहजर आहे व कां, हें मात्र त्यांनीं विचारलें नाहीं.

तरी शाळा बरी. मुलें संध्याकाळीं घरीं जातात आणि दिवसभर घडलेलें आईस सांगतात. ज्या घराचें दार आंतून उघडतच नाहीं, त्या तुरुंगाची तपासणी कशी व्हावी? या प्रश्नाचें एक उत्तर इंग्लंड व वेल्स या देशांनीं शोधलें आहे. 'हिज मॅजेस्टीज इन्स्पेक्टोरेट ऑफ प्रिझन्स' असें तेथील तुरुंग-तपासणी मंडळाचें नांव. त्याच्या कामाची रीत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

हें उत्तर एका दिवसांत सांपडलें नाहीं. १७७३ सालीं जॉन हॉवर्ड नांवाचे गृहस्थ बेडफर्ड परगण्याचे शेरीफ झाले. न्यायालयानें निर्दोष सोडलेलीं माणसेंही, जेलरची दस्तुरी देतां येत नाहीं एवढ्याच कारणानें, तुरुंगांत अडकून पडलेलीं त्यांस आढळलीं. त्यांनीं देशभर फिरून तुरुंग पाहिले आणि १७७७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें १८३५ च्या कायद्यानें सरकारी तपासनीस नेमले गेले. परंतु १८७७ च्या कायद्यानें सारे तुरुंग मध्यवर्ती सरकारकडे आले आणि तपासनीसही त्याच खात्याच्या हाताखालीं गेले. ज्याचें काम पाहावयाचें, त्याच्याच ओसरीवर बसून शेरा लिहावयाचा! शंभर वर्षांनीं, १९७९ सालीं, न्यायमूर्ति मे यांच्या समितीनें हा दोष दाखवून स्वतंत्र तपासणीची शिफारस केली. १९८१ पासून हें मंडळ तुरुंग-खात्याच्या बाहेर राहून काम करूं लागलें आणि १९८२ च्या कायद्यानें त्यास आधार दिला.

आतां वर्षाचें काम पाहूं. मोठ्या माणसांच्या प्रत्येक तुरुंगाची पांच वर्षांत एकदां तरी तपासणी होते. जेथें काळजीचें कारण अधिक, तेथें ती लवकर होते. अल्पवयीन मुलें कोंडलेलीं असतात, तेथें तर दरवर्षीं. बहुतेक भेटी आगाऊ न कळवितां होतात. संस्कृतांत अतिथि शब्दाची एक फोड अशी सांगतात, कीं ज्याच्या येण्यास तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि. हे तपासनीस त्या अर्थानें खरे अतिथि होत. सकाळीं दारीं येऊन उभे राहावें, किल्ल्या मागून घ्याव्या आणि हव्या त्या कोठडीपर्यंत जावें, असा त्यांचा परिपाठ आहे.

प्रथम कैद्यांमधून सरसकट कांहीं जण निवडून त्यांस प्रश्नपत्रिका देतात. उत्तर देणाऱ्याचें नांव गुप्त राहतें. मग वैद्यकीय, शिक्षण इत्यादि विषयांचे जाणकार येऊन चार कसोट्या लावितात. येथें जीव सुरक्षित आहे काय? माणसास माणुसकीनें वागवितात काय? दिवस कांहीं उपयुक्त कामांत जातो काय? सुटकेनंतर नीट जगण्याची तयारी करून घेतात काय? प्रत्येक कसोटीस १ ते ४ गुण मिळतात. अहवाल छापून प्रसिद्ध होतो, आणि मुख्य तपासनिसाचा वार्षिक अहवाल पार्लमेंटपुढें ठेविला जातो.

वाचकांस नवल वाटेल, परंतु या मंडळास हुकूम सोडण्याचा अधिकार नाहीं. पाहावें, ऐकावें आणि जगास सांगावें, एवढेंच त्याच्या हातीं आहे. तरीही त्याचा परिणाम होतो. कोठडींत शौचकूप नसल्यामुळें कैद्यांनीं रात्रभर बादली वापरावी व सकाळीं ती रांगेनें रिती करावी, ही जुनी चाल होती. न्यायाधीश स्टीफन ट्युमिम हे १९८७ पासून मुख्य तपासनीस असतां त्यांनीं तिचा सतत निषेध केला. १९९६ सालीं ती संपली. त्यांच्या जागीं आलेले डेव्हिड रॅम्सबॉथम हे पूर्वीचे सेनापति. डिसेंबर १९९५ मध्यें हॉलोवे येथील स्त्रियांच्या तुरुंगांतील घाण व दुर्दशा पाहून ते तपासणी अर्धवट टाकून बाहेर पडले, आणि त्या पाठ फिरविण्याची देशभर चर्चा झाली. २०१७ पासून आणखी एक सोय झाली आहे. प्रकरण फारच गंभीर असल्यास मुख्य तपासनीस मंत्र्यांस तातडीचें पत्र लिहितो, आणि मंत्र्यांस २८ दिवसांत जाहीर उत्तर द्यावें लागतें. ऑगस्ट २०१८ मध्यें बर्मिंगहॅमच्या तुरुंगाविषयीं असें पत्र गेलें, तेव्हां सरकारनें त्याचा कारभार खासगी कंपनीकडून काढून घेतला.

सर्व दोष यानें मिटले, असें आम्ही म्हणत नाहीं. तेथील तुरुंगांत गर्दी आहे, आणि त्याच त्या उणिवा पुढील अहवालांतही दिसतात. परंतु त्या दिसतात, हेंही थोडें नव्हे.

आपल्याकडे हा विचार नवा नाहीं. बंदिवानाच्या निद्रा-भोजनांत विघ्न आणणाऱ्या अधिकाऱ्यास कौटिल्यानें अर्थशास्त्रांत दंड सांगितला आहे. १९७९ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानें तिहार तुरुंगांतील एका बंदिवानाचें पत्र हाच अर्ज मानला. दुसऱ्या एका कैद्याच्या छळाविषयीं तें पत्र होतें. न्यायाधीशांनीं तुरुंगांस भेटी द्याव्या, गाऱ्हाणीं ऐकावीं आणि तक्रारपेट्या ठेवाव्या, असें त्या निकालांत सांगितलें आहे. बिगरसरकारी अभ्यागत नेमण्याची तरतूदही आपल्या नियमांत आहे. मात्र भेटीचा दिवस आगाऊ फुटतो काय, आणि अहवाल लोकांस वाचावयास मिळतो काय, हे दोन प्रश्न सुशिक्षितांनीं विचारीत राहिले पाहिजेत.

तुरुंगाशीं आपल्या घराचा काय संबंध, असें कोणी म्हणेल. त्यास आम्ही एवढेंच सांगतों, कीं २०२२ अखेरच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें आपल्या देशांतील दर शंभर बंदिवानांपैकीं सुमारे ७५ जणांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नव्हता. तीं कोणाचीं तरी मुलेंच आहेत.

आमचा तो विद्यार्थी आज पन्नाशीच्या घरांत असेल. त्या दिवशीं साहेब न सांगतां आले असते, तर तो वर्गांत असता, अडखळत वाचता, आणि शेरा वाईट पडता. तो वाईट शेरा आम्हांस आज अधिक मोलाचा वाटतो.